इनबॉक्स गप्प असताना

प्रिय धाकट्या मैत्रिणीस,

अमेरिकेतल्या ओरल सर्जरी रेसिडेन्सीसाठी (डेंटलनंतरचं तोंड-जबड्याच्या शस्त्रक्रियांचं प्रशिक्षण) तुझ्या बॅचमधल्या एकाला चार ठिकाणांहून इंटरव्ह्यूची बोलावणी आली, तुला आतापर्यंत एकच, तेही सहा वर्षांच्या प्रोग्रॅमचं. ऑक्टोबर उजाडला म्हणजे संपलंच का, असं विचारलंयस. संपलेलं नाही. पण ‘होईल गं सगळं नीट’ असंही मी लिहिणार नाही, कारण ते मला ठाऊक नाही. अर्ज आमच्या प्रोग्रॅमकडे पोचल्यावर त्यांचं काय होतं, एवढं मात्र ठाऊक आहे.

आपल्याकडे डेंटलच्या पदव्युत्तर प्रवेशासाठी नीट एमडीएस दिली की रँक हातात येते. मग काउन्सेलिंगच्या फेऱ्या, ऑल इंडिया कोटा वेगळा, स्टेट सीईटी सेलची यादी वेगळी. कुठलं कॉलेज कितव्या रँकला बंद झालं ते कुणालाही बघता येतं. त्या सवयीची मुलं अमेरिकेत येतात आणि इथल्या शांततेतही कटऑफ शोधत बसतात. ओरल सर्जरीचे देशभरात साधारण शंभर प्रोग्रॅम, बहुतेक ठिकाणी वर्षाला दोन-चार जागा, आणि अर्ज शेकड्यांनी. ते वाचणारा प्रोग्रॅम डायरेक्टर ओटी, क्लिनिक आणि ट्रॉमा कॉल सांभाळून वाचतो. आमच्याकडे पहिली चाळणी सीबीएसईच्या स्कोअरची (शाळेचं बोर्ड नव्हे, मूलभूत वैद्यकीय विषयांची परीक्षा). आयएनबीडीई ही डेंटल लायसन्सची परीक्षा नुसती पास-नापास असते, मग वेगवेगळ्या कॉलेजांतली मुलं एकमेकांशेजारी ठेवून बघायची कशी? त्यातून अ‍ॅडव्हान्स्ड स्टँडिंगच्या, म्हणजे बाहेरदेशी डेंटल करून इथल्या कॉलेजात मधूनच प्रवेश घेतलेल्या, तुम्हा मुलांना बऱ्याच ठिकाणी वर्गातला रँकसुद्धा देत नाहीत, त्यामुळे तुमच्या बाबतीत हा स्कोअर जास्तच बोलतो. त्यानंतर बघतो एक्स्टर्नशिपला, म्हणजे विभागात थोडे दिवस राहून काम बघायला, कोण येऊन गेलं होतं ते, आणि रेसिडेंटांना त्या मुलाबद्दल विचारतो. शिफारसपत्रं त्याच्याही नंतर.

यातली प्रत्येक पायरी कुणाच्या ना कुणाच्या सवडीवर अडलेली असते. एखाद्या ठिकाणी उन्हाळ्यातल्या सीबीएसईचे निकाल येईपर्यंत यादीच उघडत नाहीत. म्हणून कुणी ऑगस्टअखेरच बोलावणी पाठवून मोकळं होतं, कुणी ऑक्टोबर उलटून गेल्यावर. नकार तर बरेच जण कळवतच नाहीत. (ही वाईट पद्धत आहे, असं मी आमच्याकडेही म्हणत असते.) तेव्हा न आलेल्या ईमेलवरून स्वतःची किंमत काढू नकोस. ती काढण्याइतकी माहिती त्यात नसतेच.

नोव्हेंबरकडे मात्र लक्ष ठेव. ज्यांना सुरुवातीलाच दहा-बारा बोलावणी येतात ते सगळी स्वीकारून ठेवतात. मग तारखा एकमेकांवर येतात, विमानाची तिकिटं महागतात, क्लिनिकमधून सुट्टी मिळेनाशी होते आणि ते रद्द करायला लागतात. रिकाम्या झालेल्या जागेसाठी को-ऑर्डिनेटर यादीतल्या पुढच्या नावांना कळवते, आणि बहुधा आधी उत्तर देणाऱ्याला ती मिळते. म्हणून आजच फोनचा व्हॉइसमेल सुरू कर. आपल्या मुलांचं हे नेहमीचं आहे: फोन महागातला, आणि व्हॉइसमेल कधी उघडलेलाच नाही. पासच्या (अर्ज जिथून जातात त्या ऑनलाइन सेवेच्या) अर्जात दिलेला ईमेल पत्ता रोज बघ, स्पॅमसकट. उत्तर दोन ओळींचं पुरे, पण त्याच तासात. पेशंटच्या तोंडात हात असेल तर अर्थातच नाही.

प्रोग्रॅमना आपण होऊन लिहावं का, हा तुझा दुसरा प्रश्न. लिहावं, पण नवं काही सांगण्यासारखं असेल तरच: अर्ज गेल्यावर वाढलेला सीबीएसई स्कोअर, स्वीकारला गेलेला पेपर, सप्टेंबरात केलेली एक्स्टर्नशिप. जिथे जायला खरंच आवडेल अशा मोजक्या ठिकाणी, चार ओळी. ‘माझ्या अर्जाचं काय झालं’ असं दर आठवड्याला विचारणारे ईमेल को-ऑर्डिनेटर डायरेक्टरना दाखवते, आणि कौतुकाने दाखवत नाही. शिवाय ज्या प्रोग्रॅमना नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड लागतं, किंवा जे व्हिसा स्पॉन्सरच करत नाहीत, तिथून काहीच आलं नाही म्हणून झुरण्यात अर्थ नाही. तशी ठिकाणं आजच यादीतून खोड. खोडून झाल्यावर उरलेली यादी तुला वाटते त्यापेक्षा लहान निघेल, आणि शांतताही तेवढीच कमी वाटेल.

आता त्या सहा वर्षांच्या बोलावण्याबद्दल. ‘एकच, तेही’ असं लिहिलंयस, ते मला पटलं नाही. चार वर्षांत सर्टिफिकेट मिळतं, सहा वर्षांत त्याबरोबर एमडी, म्हणजे इथली डॉक्टरकीची मूळ पदवी. शस्त्रक्रिया दोघंही त्याच करतात. फरक पैशाचा आहे. एमडीच्या वर्षांची फी असते आणि एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर फेडरल कर्ज मिळत नाही. इंटरव्ह्यूला जाशील तेव्हा तिथल्या रेसिडेंटांना विचार की कुठल्या वर्षांत पगार मिळतो आणि कुठल्या वर्षांत फी भरावी लागते. हे प्रत्येक ठिकाणी वेगळं असतं. मग घरच्यांशी आकडे घेऊन बोल. मॅच म्हणजे उमेदवार आणि प्रोग्रॅम दोघांच्या पसंतीच्या याद्या (रँक लिस्ट) जुळवून जागा ठरवणं, आणि त्याचा निकाल बंधनकारक असतो. परवडणारच नसेल तर ते नाव रँक लिस्टमध्ये घालायचंच नाही. परवडणार असेल तर तुझ्या मनातल्या क्रमाने घालायचं, ‘ते मला घेतील का’ असला हिशेब न करता. या जुळणीचं गणित गेल आणि शॅप्ली यांनी १९६२ साली मांडलं, आणि पुढे २०१२ चं अर्थशास्त्राचं नोबेल शॅप्ली आणि रॉथ यांना त्याच विषयावर मिळालं. खरी पसंती लिहिणाऱ्या उमेदवाराचं त्यात नुकसान होत नाही. चलाखी करणाऱ्याचं होऊ शकतं.

आणि मॅच झालंच नाही तर? हे आत्ताच ठरव, जानेवारीत निकालाच्या संध्याकाळी नको. नॉन-कॅटेगोरिकल इंटर्नशिप म्हणजे ओरल सर्जरी विभागातच एक वर्ष इंटर्न म्हणून राबणं. पुढच्या जागेची हमी नाही, पण तुझ्या हाताखालच्या केसेस आणि तुझं वागणं डायरेक्टर रोज बघतात. स्कोअर बरा असून तू कुणाच्या डोळ्यासमोर आली नसशील तर हे वर्ष कामाचं. स्कोअरच कमी असेल तर मात्र त्या धबडग्यात अभ्यास होत नाही. मग हॉस्पिटलमधली जीपीआर, म्हणजे सर्वसाधारण दंतोपचारांची रेसिडेन्सी, बरी, आणि सोबत पुन्हा सीबीएसई. जीपीआरचे बरेच प्रोग्रॅम याच मॅचमध्ये असतात, तेव्हा त्यांच्या अर्जाच्या मुदती या आठवड्यातच बघून घे. व्हिसाचं काय होईल ते कॉलेजच्या इंटरनॅशनल ऑफिसला विचार, सीनियर मुलांना नको.

प्रोग्रॅमना पाठवायच्या ईमेलचे मसुदे आधी मला पाठव. आणि इंटरव्ह्यूसाठी विमान आदल्या दिवशी सकाळचं घे, म्हणजे संध्याकाळी रेसिडेंटांबरोबरचं जेवण चुकणार नाही.

तुझी,
ताई