फळ्यावरची शिडी आणि ४५० नाण्यांची तूट

प्रश्न : प्राचीन चीनमध्ये पहिला मान विद्वानांचा, मग शेतकरी, मग कारागीर आणि शेवटी व्यापारी, असं शाळेत शिकलो होतो. पैसेवाला सगळ्यात खाली आणि शेतकरी त्याच्या वर, हे खरंच असं होतं, की नुसतं कागदावर? आणि हे जन्मावरून ठरायचं का?
– एक वाचक

उत्तर : ती शिडी मीही वर्गात वर्षानुवर्षं फळ्यावर काढली आहे, तेव्हा थोडा दोष माझ्याकडेही येतो. कागदावर म्हणाल, तर कागद तेव्हा यायचा होता. बांबूच्या पट्ट्यांवर म्हणू. तिथे मात्र क्रम बहुतेक ठिकाणी असाच होता. लिहिणारे विद्वानच असल्यामुळे पहिली पायरी कुणाला मिळाली, हे सांगायला नको.

व्यापाऱ्याला खाली ठेवायला कायदेही होते. हान घराण्याचा संस्थापक ल्यू बांग स्वतः शेतकरी घरातला. त्याने इ.स.पू. १९९ मध्ये व्यापाऱ्यांना उंची रेशीम घालायला, शस्त्र बाळगायला आणि घोड्यावर बसायला बंदी केली. पुढे प्रौढ माणसामागे वर्षाला १२० नाणी डोईपट्टी होती, ती व्यापाऱ्याला आणि गुलामाला दुप्पट. दोघं एकाच रांगेत! पण बंदी हुकमात राहिली आणि रेशीम अंगावर चढलं. चाओ त्सुओ नावाच्या मंत्र्याने पुढच्याच काही दशकांत सम्राटापुढे हेच गाऱ्हाणं मांडलं : कायदा व्यापाऱ्याला हलका लेखतो आणि तो श्रीमंत होतो, शेतकऱ्याला मान देतो आणि तो दरिद्री राहतो. कर भरायची वेळ आली की शेतकरी अर्ध्या किमतीत धान्य फुंकतो, आणि घरात काहीच नसलं तर दामदुपटीने कर्ज काढतो.

आता शेतकऱ्याच्या मानाचा हिशेब पाहू. हा माझा आवडता भाग, थोडा लांबेल. चाओ त्सुओच्याही आधी, इ.स.पू. ४००च्या आसपास, वेइ राज्यात ली ख्वेइ नावाचा मंत्री होता. त्याने एका घराचा वर्षाचा जमाखर्च मांडला. माणसं पाच, जमीन १०० मू (मू हे जमिनीचं माप). पीक १५० शी (शी हे धान्याचं माप, हान काळात साधारण २० लिटरचं). दहावा हिस्सा, म्हणजे १५ शी, करात गेला. माणशी महिन्याला दीड शी, म्हणजे वर्षाचे ९० शी पोटात गेले. उरले ४५. शीला ३० नाणी या भावाने त्याची १३५० नाणी आली. गावदेवाची पूजा आणि सणवार यांना ३०० लागली, राहिली १०५०. कपड्यांना माणशी ३००, पाच जणांची १५००. म्हणजे ४५० नाण्यांची तूट. हा दुसऱ्या पायरीवरचा माणूस!

इथे मला नेहमी एक गोष्ट खटकते. पुरुषाने नांगरायचं आणि बाईने विणायचं, ही त्या समाजाची आवडती घडी. मग कपडा नुसता खर्चाच्या बाजूला कसा? बाईचा माग या हिशेबात कुठे दिसतच नाही. माझा तर्क असा, की ती तूट रात्री मागावरच भरून निघत असावी. गंमत म्हणजे हा हिशेब ज्या ‘हानशू’ या इतिहासग्रंथात टिकला, त्याचा अपुरा राहिलेला भाग पान चाओ या बाईने पुरा केला.

कारागिरांचं थोडक्यात सांगतो. चीनच्या पहिल्या सम्राटाच्या थडग्यापाशी, शीआन शहराजवळ पुरलेल्या मातीच्या सैनिकांवर काही कारागिरांची नावं उमटवलेली आहेत. ती कौतुकासाठी नव्हती. काम बिघडलं तर कुणाला धरायचं, ते कळावं म्हणून होती.

जन्माचं विचाराल, तर दारं घट्ट बंद नव्हती. व्यापाऱ्यांच्या मुलांना सरकारी पद मिळू नये असा नियम हान काळाच्या सुरुवातीला होता. तरी सांग होंगयांग हा लोयांगच्या व्यापाऱ्याचा मुलगा, तोंडी हिशेबात तरबेज म्हणून तेराव्या वर्षी दरबारात गेला. पुढे मीठ आणि लोखंडाच्या सरकारी मक्तेदारीची सूत्रं त्याच्याच हाती आली.

ली ख्वेइच्या हिशेबातली एक ओळ राहिली. ४५० ची तूट काढल्यावर तो पुढे म्हणतो, की आजारपण, घरातला मृत्यू आणि वरून येणारी जादा पट्टी यांचा खर्च यात धरलेला नाही.