लेन्स नुकत्याच काढून केलेल्या तपासणीवर लेसिक करू नका

ताई, तुमची पोस्ट वाचली आणि पोटात गोळाच आला. मायनस साडेनऊ नंबर, रोज कॉन्टॅक्ट लेन्स, तपासणी झाली, ॲडव्हान्स भरला, शनिवारी लेसिक (लेझरनं नंबर घालवायचं ऑपरेशन). आणि तपासणीला गेलात तेव्हा लेन्स तिथंच काढून डबीत ठेवल्या, असं लिहिलंय. मीही अगदी हेच केलं होतं.

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर हिशेब लिहितो. सौद्याच्या वेळी धूळ अशी उडते की लेन्स घालून बसणं म्हणजे शिक्षाच. मायनस १० चा चष्मा नको म्हणून घाईघाईत एका सेंटरला गेलो (नाव घेत नाही). लेन्स किती दिवस बंद ठेवल्या, हे तिथं कुणीही विचारलं नाही. कॉर्नियाची, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक थराची, जाडी ५०९ मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) आली, काम होईल म्हणाले, तारीख दिली.

आतेभावाच्या आग्रहामुळे मिरजेत दुसऱ्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी पहिलाच प्रश्न लेन्सचा विचारला आणि तीन आठवडे बंद ठेवून या म्हणाले. मग जाडी भरली ४८८! लेन्सनं कॉर्निया सुजतो, त्याचा आकारही बदलतो. त्यांनी कागदावर वजाबाकी करून दाखवली: लेसिकमध्ये कापून उचलतात तो वरचा पापुद्रा ११०, लेझर दर नंबरमागे साधारण १४ खरवडतं असं धरून १४०, उरले २३८. खाली किमान २५० तरी राहायला हवेत, बरेच डॉक्टर ३०० धरतात. कॉर्निया जास्त पातळ झाला तर पुढे तो फुगून नजर बिघडू शकते. तो कागद मी अजून जपून ठेवलाय.

पहिल्या सेंटरकडे कॉर्नियाच्या तपासणीच्या नकाशाची प्रिंट मागितली तर चार हेलपाटे घालूनही दिली नाही, ॲडव्हान्सही बुडाला. पैशाचं दुःख कमी, पण आपल्याच डोळ्यांचा कागद आपल्याला का देत नाहीत, याचा राग आजही येतो.

मी शेवटी आयसीएल बसवली. बुबुळाच्या मागे, आपल्या भिंगाच्या पुढे लेन्स बसते, कॉर्निया कापून पातळ करावा लागत नाही. खर्च जास्त, आणि डोळ्यात पुरेशी जागा आहे का ते मोजावं लागतं. माझं मत विचाराल तर मोठ्या नंबराला आधी याचीच चौकशी करावी. मी डॉक्टर नाही, तुमचा कॉर्निया जाड असेलही. पण शनिवार पुढे ढकला. मऊ लेन्स किमान दोन आठवडे, कडक असतील तर तीन-चार आठवडे बंद ठेवा, पुन्हा मोजा आणि प्रिंट हातात घेतल्याशिवाय उठू नका.

डोळ्याचा मागचा पडदाही (रेटिना) तपासून घ्या. नंबर गेला तरी डोळ्याचा गोळा लांबटच राहतो, म्हणून पडद्याला भोक पडायची भीती जात नाही. मी दरवर्षी दाखवतो. या तपासणीसाठी बाहुली मोठी करणारे थेंब घातल्यावर काही तास धूसर दिसतं, ऊन सहन होत नाही, म्हणून गाडी चालवत जाऊ नका. सोबत कुणाला तरी घ्या, गॉगल पर्समध्ये ठेवा.