कोरल रीफवर, म्हणजे समुद्रातल्या प्रवाळाच्या खडकांवर, संशोधन करणाऱ्यांचं काम नेमकं कसं असतं? रोज डायव्हिंग असतं का?

तुम्ही लिहिलंय की बीएस्सी झूलॉजीच्या शेवटच्या वर्षाला आहात, कोरलवर काम करायचंय, पण घरचे विचारतायत यात नोकरी कुठे आहे. मी बारा वर्षं हेच करतेय, आधी मालवणला आणि मग लक्षद्वीपला, तर जे बघितलंय ते सांगते.

रोज डायव्हिंग अजिबात नसतं. मालवणला पावसाळ्यात तर समुद्रात उतरताच येत नाही, ऑक्टोबर ते मे जे दिवस मिळतील ते आपले, त्यातही सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आजूबाजूला पाणी कधीकधी इतकं गढूळ असतं की स्वतःचा हात नीट दिसत नाही, आणि बोटीचा प्रमुख, तांडेल, सकाळीच पाण्याकडे बघून 'आज खाली काय दिसाचा नाय' म्हणाला की परत रूमवर. वर्षाला पन्नासेक दिवस पाण्यात मिळाले तर मी ते वर्ष चांगलं धरते. बाकीचा वेळ कॉम्प्युटरसमोर, खाली काढलेल्या फोटोंवर ठिपके टाकायचे आणि प्रत्येक ठिपक्याखाली जिवंत कोरल आहे, मेलेलं आहे, शेवाळ आहे का वाळू हे नोंदवायचं, असे हजारो फोटो.

आणि पाण्याखाली काय, तर तळाशी ५० मीटरची टेप अंथरायची, तिच्याखाली जे येईल ते प्लॅस्टिकच्या पाटीवर पेन्सिलने लिहीत जायचं, पुढच्या वर्षी त्याच जागी जाऊन परत तेच. ऐकायला कंटाळवाणं वाटेल, पण माझ्या मते या कामाचा सगळा जीव यातच आहे. लक्षद्वीपच्या अगत्ती, कदमत आणि कवरत्ती बेटांवर १९९८ पासून २४ वर्षं लोकांनी मोजत राहिलं म्हणून आज आपल्याला कळतं की तिथलं जिवंत कोरल सुमारे ३७ टक्क्यांवरून १९ टक्क्यांच्या आसपास आलंय. एकदाच जाऊन सुंदर फोटो काढून आलेल्या माणसाला हे कधीच दिसलं नसतं.

कोरल हा प्राणी आहे, त्याच्या पेशींमध्ये सूक्ष्म शैवाल राहतं, ते उन्हात अन्न तयार करतं आणि कोरलला लागणारी ९० टक्क्यांपर्यंत ऊर्जा त्यातूनच मिळते. उन्हाळ्यातल्या नेहमीच्या सगळ्यात गरम महिन्यापेक्षा पाणी एखाद डिग्रीने जास्त तापलं आणि काही आठवडे तसंच राहिलं की हे शैवाल बाहेर पडतं आणि कोरल पांढरं दिसायला लागतं. त्यालाच ब्लीचिंग म्हणतात. तेव्हा ते मेलेलं नसतं हं, पाणी लवकर थंड झालं तर सावरतं.

२०१६ च्या मे मध्ये मी लक्षद्वीपला माझ्याच टेपच्या जागेवर गेले, तर फांद्यांचं कोरल, म्हणजे अक्रोपोरा, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पांढरं. आदल्या वर्षीच्या कागदावर माझ्याच अक्षरात 'जिवंत' लिहिलेलं. पुढच्या खेपेला त्यावर शेवाळाची साय धरली होती, पण पोराइटिस या दुसऱ्या प्रकारच्या कोरलचे मोठे गोल गोळे बरेचसे टिकले होते, आणि त्यातला एक, टेबलाएवढा, अजूनही आहे, दरवर्षी आधी त्याच्याकडेच जाते.

आता नोकरीचं. एमएस्सीसाठी गोवा विद्यापीठ, कोचीचं कुसॅट (तिथलं विज्ञान-तंत्रज्ञान विद्यापीठ), तामिळनाडूत परंगीपेट्टईला अण्णामलाई विद्यापीठाचं सेंटर, पाँडिचेरी विद्यापीठाचा पोर्ट ब्लेअर कॅम्पस, हे बघा. नेट-जेआरएफ, म्हणजे संशोधनाच्या फेलोशिपसाठीची राष्ट्रीय परीक्षा, काढलीत तर महिना ३७ हजार फेलोशिप मिळते आणि गोव्यात दोना पावलाच्या एनआयओसारख्या (राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था) ठिकाणी पीएचडीची वाट मोकळी होते. कायम जागा कमी आहेत, पीएचडीनंतर बरीच वर्षं प्रोजेक्टवर एकेक वर्षाच्या ऑर्डरवर काढावी लागतात, मीही काढली, हे घरी स्पष्ट सांगून ठेवा. शिवाय दगडासारखं कोरल वन्यजीव कायद्यात शेड्यूल १ मध्ये, वाघाच्या रांगेत आहे, त्यामुळे नखाएवढा तुकडा घ्यायचा तरी परवानगी, आणि ती यायला महिने जातात, तेवढं धरूनच प्लॅन करायचा.

डायव्हिंगचं सर्टिफिकेट नंतरही करता येतं, तारकर्लीला एमटीडीसीचं सेंटर आहे. या सुट्टीत आधी पोहणं पक्कं करा आणि स्टॅटिस्टिक्स शिका, आणि ओहोटीला एखाद्या खडकाळ किनाऱ्यावर जाऊन एकाच डबक्यात काय काय आहे ते महिनाभर रोज वहीत लिहून बघा. तिसाव्या दिवशीही जावंसं वाटलं तर मला मेसेज करा, एमएस्सीच्या फॉर्मसाठी मी मदत करेन.