नोटीस कपाटात ठेवली म्हणून संपत नाही

सांगलीच्या एका वाचकांची नाट्यसंगीत आणि भावगीतांवर स्वतःची वेबसाइट आहे, प्रत्येक लेखाखाली गाण्याची तीस सेकंदांची क्लिप. रेकॉर्ड कंपनीच्या वकिलाची नोटीस येऊन चार महिने झाले, उत्तर नाही, क्लिपा तशाच, कारण कुणीतरी सांगितलं की 21 दिवसांत कोर्टाची ऑर्डर आली नाही की नोटीस मरते. शिवाय क्रेडिट दिलंय, पैसे कमवत नाही वगैरे.

तीस सेकंदांची सूट आपल्या कायद्यात कुठेच नाही, हे इतक्या जणांनी विचारलंय की त्यावर थांबत नाही. 21 दिवसांचा नियम होस्टिंगवाल्यांसारख्या मधल्या पार्टीसाठी आहे, 2013 च्या कॉपीराइट नियमांतला. क्लिपा टाकल्यात तुम्ही, तुमच्यावर दावा लावायला त्यांच्याकडे तीन वर्षं आहेत.

सगळं अडलंय ते कॉपीराइट कायद्याच्या कलम 55 वर. यावर अजून कुणाचा हक्क असेल हे मला माहीत नव्हतं आणि तसं वाटायला कारणही नव्हतं, हे तुम्ही पटवून दिलं तर नुकसानभरपाई सुटते, फक्त मनाई हुकूम आणि नफा परत करणं उरतं, आणि नफा तुम्हाला झालेलाच नाही. पण नोटीस वाचली त्या दिवशी हा बचाव संपला, आणि पुढचे चार महिने तुम्ही स्वतःच्या हाताने समोरच्याला दिलेत! कलम 63 चा गुन्हाही ‘जाणूनबुजून’ या शब्दावर उभा आहे, सहा महिने ते तीन वर्षं कैद, आणि तो दखलपात्र, अजामीनपात्र असल्याचं सुप्रीम कोर्टाने 2022 साली सांगितलंय. लगेच पोलीस येतील असं म्हणत नाही, पण एवढी जोखीम कशाला घेतलीत?

आज क्लिपा काढा. लेख राहू द्या, आधी स्क्रीनशॉट घ्या आणि प्रत्येक रेकॉर्ड पहिल्यांदा बाजारात कधी आली ते साल लिहून काढा, तुम्ही सीडी घेतली ते साल नाही. त्या सालानंतर 60 वर्षं, म्हणजे 1964 ची रेकॉर्ड 2024 संपताना मोकळी झाली. शब्द आणि चाल यांचा हक्क मात्र वेगळा, तो कवी-संगीतकाराच्या मृत्यूनंतर 60 वर्षं. खाडिलकर 1948 ला गेले, गोविंदराव टेंबे 1955 ला, तिथे अडचण नाही. गदिमा 1977 ला गेले, त्यांचे शब्द 2037 संपेपर्यंत बांधलेले, रेकॉर्ड कितीही जुनी असली तरी.

लेखात त्या गायकीबद्दल खरंच काही लिहिलं असेल तर कलम 52 मधली समीक्षेची सूट मांडता येईल, पण ‘माझं आवडतं गाणं’ एवढंच असेल तर अवघड आहे, लेख बघितल्याशिवाय सांगणार नाही.

त्यांनी मागितलेली रक्कम कोर्टाने ठरवलेली नाही, घाबरून भरू नका, फोनवर बोलू नका. मनाई हुकूम झटपट मिळतो, अंतिम निकालाला मात्र आपल्याकडे वर्षं जातात आणि तारखा बहुतेक मुंबईला, हे त्यांनाही कळतं, म्हणून तडजोडीला जागा असते. क्लिपा काढल्या, चूक कबूल नाही, असं उत्तर याच आठवड्यात वकिलामार्फत स्पीड पोस्टाने पाठवा आणि पोच जपून ठेवा.