'हो' म्हणण्याआधी जरा थांब

स्वतःशी तुटलेलं नातं पुन्हा जुळवायला सुरुवात कुठून करू, असं विचारलंस ना? लगेच ध्यानाला बसू नकोस. आधी आठवडाभर फक्त तुझ्या 'हो'कडे लक्ष ठेव. कुणी काही मागितलं की 'हो, चालेल' म्हणताना अंगात काय होतं? माझा जबडा आवळला जायचा, खांदे कानांकडे सरकायचे आणि तोंड मात्र हसत असायचं. कित्येक वर्षं मला ते कळलंच नाही.

ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक डोनाल्ड विनिकॉट यांनी १९६० च्या निबंधात यालाच 'खोटा स्व' म्हटलं. लहानपणी मोठ्यांच्या मर्जीशी जुळवून घेता घेता तो तयार होतो. तो तुझा शत्रू नाही बरं का, त्यानंच तुला सांभाळलंय. त्याला ओरबाडून काढू नकोस.

'थोड्या वेळानं सांगते' एवढंच म्हणायला शीक. मधल्या वेळात वहीत लिही, मला खरंच काय हवंय? सुरुवातीला उत्तर 'माहीत नाही' असंच येईल. तेच लिही. मग कधीतरी अगदी साधं काही उमटेल, 'आज मला एकटीनं चालायला जायचंय.' त्या दिवशी नक्की जा.