आजोबांच्या पितळी थिओडोलाइटला, म्हणजे कोन मोजायच्या मोजणी-यंत्राला, पॉलिश करू का? किंमत किती येईल?

पॉलिश करू नका. चिंच नको, बाजारातलं पॉलिश तर त्याहून नको. कोरड्या मऊ फडक्यानं धूळ पुसा, बस.

'ट्रफटन अँड सिम्स, लंडन' कोरलंय म्हणताय, म्हणजे अस्सल असेल तर यंत्र १८२६ ते १९२२ या काळातलं. ट्रफटननं सिम्सला १८२६ मध्ये भागीदार करून घेतलं आणि १९२२ मध्ये कंपनी यॉर्कच्या कुक या यंत्रकंपनीत विलीन झाली. पुढच्या यंत्रांवर तिन्ही नावं असतात.

आता पॉलिशचं. मी मोजणी खात्यात होतो. आमच्याकडे असंच एक जुनं थिओडोलाइट होतं. ते सांभाळायचे आमचे दुरुस्तीवाले काका. दुर्बिणीतल्या आडव्या-उभ्या रेषा म्हणजे कोळ्याच्या जाळ्याचे धागे. तुटले की काका कोळी धरून आणायचे, धागा काडीवर गुंडाळून घ्यायचे आणि लाखेनं कडीवर चिकटवायचे. श्वास रोखून. मोठ्या साहेबांची भेट ठरली तेव्हा आमच्या अधिकाऱ्यांनी काकांना न विचारता यंत्र शिपायाकडून घासून घेतलं. पितळ आरशासारखं झालं. पण अंशांच्या खुणा असतात त्या चांदीच्या पट्टीवर, केसाएवढ्या बारीक. त्या पुसट झाल्या, व्हर्नियर, म्हणजे अंशाचे बारीक भाग वाचायची सरकती पट्टी, वाचता येईना. काका दिवसभर कुणाशी बोलले नाहीत. अधिकारी म्हणाले, "वाचायचंय कुणाला? आणि तुम्हाला एवढं काय लागलं, यंत्रं गोऱ्या साहेबांनी बनवली, आपल्या लोकांनी डोक्यावरून वाहिली."

हे साफ खोटं आहे, तेव्हाही सांगितलं, आजही सांगतो. जॉर्ज एव्हरेस्ट या इंग्रज अधिकाऱ्यानं चालवलेल्या भारताच्या सर्वेक्षणातला यंत्रांचा जाणकार होता अर्काटचा सय्यद मीर मोहसीन हुसेन. इंग्लंडहून आणलेला कारागीर हेन्री बॅरो गेल्यावर १८४३ मध्ये कंपनी सरकारचा यंत्रनिर्माता म्हणून त्याचीच नेमणूक झाली. आणि बिघडलेलं यंत्र हातानं सावरण्याला साहेबही कमी लेखत नव्हते. १८०८ मध्ये तंजावरच्या मंदिराच्या शिखरावर चढवताना दोर तुटून, एव्हरेस्टच्या आधी हे सर्वेक्षण चालवणाऱ्या विल्यम लॅम्ब्टनचं अर्ध्या टनाचं थिओडोलाइट आदळलं, वर्तुळ वाकलं. विल्यम कॅरीनं लंडनमध्ये बनवलेलं. लॅम्ब्टन तंबूत बसून सहा आठवडे ते ठोकून-ताणून सरळ करत होता. त्याची कबर आपल्या हिंगणघाटला आहे, १८२३ मध्ये तिथेच गेला. वर्धा जिल्ह्यातल्या किती जणांनी ती पाहिलीय?

किंमत विचारलीत. घासलेल्या यंत्राला जाणकार संग्राहक हात लावत नाही. मूळ लाकडी पेटी, व्हर्नियरची भिंगं आणि तिकाटणं शाबूत असेल तर भाव खूप वाढतो, म्हणून माळ्यावर पेटी शोधा. आकडा मात्र यंत्र डोळ्यांनी पाहिल्याशिवाय कुणी सांगू नये, मीही सांगणार नाही.

एक राहिलं. आजोबांनी स्वतः वापरलेलं असेल तर प्रश्न नाही, पण त्यांनी बाजारातून घेतलं असेल तर सांभाळून. शोभेची नवी पितळी यंत्रं जुन्या नावांनिशी विकली जातात. पट्टीवरच्या खुणा जाड, ठोकळ असतील आणि व्हर्नियर जुळतच नसेल तर ते शोभेचंच. मग खुशाल घासा.