चिडणाऱ्या कर्णबधिर मुलाला निवासी शाळेत घालावं का?

तुमचा नऊ वर्षांचा कर्णबधिर भाचा हात उगारतो, वस्तू फेकतो, म्हणून निवासी शाळा शोधताय. माझं स्पष्ट मत: आधी तपासणी, मग शाळा.

अशा रागामागे बरेचदा भाषेची उपासमार असते. जेवताना सगळे हसतात, पोरगं खुणेने विचारतं ‘काय झालं?’ आणि उत्तर मिळतं, ‘काही नाही, जेव.’ रोज असंच झालं तर कोणीही चिडेल. म्हणून घरातल्यांनी भारतीय सांकेतिक भाषा शिकायला घ्याच, अगदी आजीनेसुद्धा.

मुंबईत वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग संस्था आहे, वाचा आणि श्रवणदोष असलेल्यांसाठीची राष्ट्रीय संस्था, १९८३ पासूनची. सुरुवात तिथून करा. श्रवणतपासणीसोबत मानसशास्त्रज्ञालाही भेटा. समुपदेशन खुणांतून व्हायला हवं. आईच दुभाषी झाली तर मूल आईबद्दलची तक्रार सांगणार कशी?

निवासी शाळा वाईट नाही. खुणा करणारे मित्र मिळाले की काही मुलं खूप खुलतात. पण नुसतं वसतिगृह म्हणजे उपचार नव्हे. शाळा बघायला गेलात तर एवढं नक्की विचारा: रात्री पोर रडत उठलं, तर त्याच्याशी खुणांत बोलणारं माणूस तिथे असतं का?